मे शिद्याक : न्यूजरूम ते मंत्रालय, नेहमी विचारले जाणारे प्रश्न

बेरूत म्हटलं की बहुतेकांना ४ ऑगस्ट २०२० चा बंदरातला स्फोट आठवतो. त्याच्या पंधरा वर्षं आधी त्याच देशात माणसं एकेक करून, गाडीसकट उडवली जात होती. त्यातून वाचलेल्या थोडक्या लोकांपैकी एक म्हणजे टीव्हीवरच्या निवेदिका आणि पुढे मंत्री झालेल्या मे शिद्याक. त्यांच्याविषयी वाचायला बसलं की तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा पडतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण लेबनॉनबद्दल एका वाक्यात सांगितलेली कुठलीही गोष्ट हमखास अर्धवट असते.

मे शिद्याक कोण, हे दोन ओळीत सांगता येईल का?

लेबनॉनच्या एलबीसी वाहिनीवरच्या प्रमुख निवेदिका आणि मुलाखतकार. सप्टेंबर २००५ मध्ये गाडीत बाँब ठेवून त्यांना मारायचा प्रयत्न झाला, त्यात डावा हात आणि डावा पाय गेला. पुढच्याच वर्षी त्या पुन्हा पडद्यावर आल्या, आणि २०१९ मध्ये काही महिने मंत्री होत्या.

नावाचा उच्चार काय? ‘मे’ म्हणजे महिना का?

महिन्याशी संबंध नाही. ‘मैय’ हे जुनं अरबी स्त्रीनाम आहे, बोलताना ते ‘मै’ आणि ‘मे’ यांच्या अधेमधे कुठेतरी पडतं. विसाव्या शतकातल्या लेखिका मे झियादा यांचंही हेच नाव. आडनाव रोमन लिपीत फ्रेंच धाटणीने लिहितात, म्हणून आपल्याकडे कुणी ‘चिडियाक’ वाचतं. ते ‘शिद्याक’ आहे. चर्चमधल्या एका कनिष्ठ पदावरून आलेलं. आपल्याकडे कुलकर्णी, देशपांडे जसे कामावरून आले, तसंच.

त्या ख्रिस्ती आहेत, मग अरब कशा?

हा प्रश्न लेबनॉनमध्येच इतक्या वेळा भांडून झालाय की बाहेरच्याने जपून बोलावं. शिद्याक मरोनी पंथाच्या. मरोनी हे रोमच्या पोपला मानणारे, पण स्वतःची पूर्वेकडची उपासनापद्धती जपणारे ख्रिस्ती. ‘आम्ही अरब नाही, फिनिशियनांचे वंशज’ असं म्हणणारा एक गट त्यांच्यात कायम राहिला आहे. दुसऱ्या बाजूला, लेबनॉन हा १९४५ च्या अरब लीगचा संस्थापक सदस्य, आणि यादवी संपवणाऱ्या १९८९ च्या ताइफ करारात देशाची ओळख अरब असल्याचं स्पष्ट लिहिलं आहे. शिद्याक बातम्या अरबीत द्यायच्या, प्रेक्षक अरबी होता. या पानापुरतं तेवढं पुरे.

सुरुवात कुठे झाली? एलबीसी म्हणजे काय?

एलबीसी समजल्याशिवाय शिद्याक समजत नाहीत, तेव्हा इथे जरा थांबू.

लेबनॉनमध्ये १९७५ ते १९९० यादवी चालली. प्रत्येक गटाची बंदूकधारी फौज होती, आणि फौजेच्या मागोमाग रेडिओ, मग टीव्ही आला. ‘लेबनीज फोर्सेस’ या ख्रिस्ती सेनेने १९८५ मध्ये लेबनीज ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशन, म्हणजे एलबीसी सुरू केली. गटाची वाहिनी म्हटल्यावर नुसता प्रचार असेल असं वाटतं. पण बातम्या चटपटीत, करमणूक झकास, निवेदक देखणे आणि तयारीचे, असा तिचा बाज होता. समोरच्या गटाचे लोकही ती लावायचे. पुढे उपग्रहावरून ती आखाती देशांपर्यंत पोचली.

शिद्याक ऐंशीच्या दशकात या वाहिनीत आल्या आणि बातमीपत्राचा एक चेहरा बनून गेल्या. सोबत लेबनॉनमधल्याच नोत्र दाम विद्यापीठात पत्रकारिता शिकवत.

यादवी संपली तेव्हा लेबनॉनवर सीरियाचा पगडा होता. सीरियाचं सैन्य १९७६ पासूनच तिथे होतं. लेबनीज फोर्सेसवर १९९४ मध्ये बंदी आली आणि नेता समीर जाजा तुरुंगात गेला, तो तब्बल अकरा वर्षं. पक्ष बंद, नेता कोठडीत, आणि पक्षाने काढलेली वाहिनी मात्र देशात सर्वाधिक बघितल्या जाणाऱ्यांपैकी एक. अशा विचित्र जागी बसून शिद्याक रोज बातम्या वाचत होत्या.

म्हणजे त्या पत्रकार की पक्षाच्या कार्यकर्त्या?

हा प्रश्न विचारणाऱ्यांच्या डोक्यात एक चित्र असतं : तटस्थ पत्रकार, मग एक हल्ला, मग राजकारणाकडे वळण. सांगायला सोपी गोष्ट आहे. माझ्या मते ती चुकीची आहे.

लेबनॉनमधली जवळजवळ प्रत्येक वाहिनी कुणाची तरी आहे. फ्यूचर टीव्ही (२०१९ मध्ये बंद पडेपर्यंत) हरीरी घराण्याची, अल-मनार हिजबुल्लाची, एनबीएन संसदेचे अध्यक्ष नबीह बेर्री यांच्या बाजूची. कुणाच्या पगारावर कोण आहे, हे प्रेक्षकाला पाठ असतं. तो तेवढं वजा करूनच ऐकतो. शिद्याक यांनी आपला कल कधी लपवला नाही. सीरियाने निघून जावं, हे त्या स्टुडिओत बसून म्हणत होत्या, आणि ज्या काळात तसं म्हटल्यावर लोक गायब होत, त्या काळातही म्हणत होत्या. त्यांना निःपक्षपाती ठरवण्याचा आटापिटा करायची गरज नाही, आणि बाजू घेतली म्हणून पत्रकार नाहीत असं म्हणण्यातही अर्थ नाही. समोरच्या पाहुण्याला त्या मनापासून पिळून काढायच्या, आणि तो आपल्या बाजूचा असला तरी सोडायच्या नाहीत, अशी त्यांची ख्याती होती.

तेव्हा २०१९ मध्ये त्या राजकारणात ‘शिरल्या’ असं म्हणताना जरा हसू येतं. उंबरठा ओलांडायला आधी त्या बाहेर तरी असायला हव्या होत्या!

२००५ साली तिथे नेमकं काय चाललं होतं?

१४ फेब्रुवारी २००५ ला बेरूतच्या समुद्रकिनाऱ्याच्या रस्त्यावर प्रचंड स्फोट होऊन माजी पंतप्रधान रफीक हरीरी आणि आणखी २१ जण ठार झाले. बोट सीरियाकडे गेलं. १४ मार्चला बेरूतच्या चौकात अफाट गर्दी लोटली आणि २६ एप्रिलला सीरियाचा शेवटचा सैनिक देश सोडून गेला. २९ वर्षांनी. लोक नाचले.

आनंद जेमतेम पाच आठवडे टिकला. २ जूनला ‘अन-नहार’ या दैनिकाचे स्तंभलेखक समीर कसीर गाडीतल्या बाँबने मारले गेले. २१ जूनला कम्युनिस्ट पक्षाचे माजी प्रमुख जॉर्ज हावी, तसेच. १२ जुलैला संरक्षणमंत्री इलियास मुर्र थोडक्यात बचावले. या तिघांपैकी मुर्र सोडले, तर बाकी दोघं सीरियावर उघड टीका करणारे. लोक गाडी सुरू करण्याआधी खाली वाकून बघू लागले होते.

२५ सप्टेंबरला काय घडलं?

रविवार होता. सकाळी शिद्याक यांनी एलबीसीवर ‘नहारकुम सईद’ (म्हणजे ‘शुभ दिवस’) हा कार्यक्रम केला. विषय हरीरी हत्या आणि तिच्यात सीरियाचा हात असण्याची शक्यता. संयुक्त राष्ट्रांचे जर्मन तपासाधिकारी डेटलेव्ह मेहलिस यांचा अहवाल महिनाभरात यायचा होता, आणि सगळा देश त्याच्याकडे कान लावून बसला होता.

त्याच दिवशी बेरूतच्या उत्तरेला, जुनिए भागात त्या आपल्या गाडीत बसल्या. सीटखाली बाँब होता. डावा पाय गुडघ्याखाली गेला, डावा हात गेला, अंगभर भाजलं. बेरूतच्या रुग्णालयात जीव वाचला. पुढचे उपचार आणि कृत्रिम अवयवांनिशी चालायला शिकणं फ्रान्समध्ये झालं. एकामागून एक शस्त्रक्रिया, महिनोन्‌महिने.

त्या अंथरुणावर असतानाच १२ डिसेंबरला ‘अन-नहार’चे प्रमुख आणि नुकतेच खासदार झालेले जिब्रान तुएनी यांची गाडी उडवली. म्हणजे एका वर्षात लेबनॉनच्या तीन नामवंत पत्रकारांवर बाँब टाकले गेले, आणि त्यातल्या फक्त शिद्याक उरल्या.

राजकारणी हाताशी असताना निवेदिकेला कशाला मारायचं?

कारण नेत्याभोवती सुरक्षारक्षक असतात, चिलखती गाडी असते. निवेदिका स्वतःची गाडी स्वतः चालवत जाते. आणि चेहरा मात्र तिचा घराघरात माहीत असतो. ज्याला सगळ्या देशाला एकदम धाक घालायचाय, त्याच्या दृष्टीने खर्च कमी, परिणाम मोठा.

पुन्हा कॅमेऱ्यासमोर कधी आल्या?

साधारण दहा महिन्यांनी, २००६ च्या उन्हाळ्यात. तेव्हा परिस्थिती अशी की १२ जुलैला इस्रायल-हिजबुल्ला युद्ध पेटलं होतं आणि ते १४ ऑगस्टपर्यंत चाललं. देशावर विमानं बाँब टाकत असताना बाँबमधून वाचलेली बाई स्टुडिओत येऊन बसली. कार्यक्रमाचं नाव होतं ‘बि कुल जुर्आ’, मराठीत सांगायचं तर ‘पुऱ्या धाडसाने’. नाव जरा भडक वाटेल. पण ते ठेवण्याचा हक्क कुणाला असेल तर त्यांनाच होता.

नटणं-सजणं त्यांनी सोडलं नाही, हेही सांगायला हवं. केस, कपडे, दागिने, सगळं पूर्वीसारखंच नीटनेटकं. काहींनी याला नावं ठेवली. ज्या माणसाचं अंग कुणीतरी मोडून टाकायचा प्रयत्न केला, त्याने त्या अंगाची निगा राखली तर बिघडलं कुठे?

याच काळात आत्मकथन फ्रेंचमध्ये लिहिलं आणि पॅरिसमधून डॉक्टरेटही पुरी केली.

पुरस्कार कोणते मिळाले?

बरेच. दोन लक्षात ठेवण्यासारखे, दोन्ही २००६ चे. एक युनेस्कोचा गियर्मो कानो जागतिक वृत्तपत्रस्वातंत्र्य पुरस्कार. हा कोलंबियातल्या एका संपादकाच्या नावाने दिला जातो. अमली पदार्थांच्या टोळ्यांविरुद्ध लिहिलं म्हणून १९८६ च्या डिसेंबरमध्ये बोगोटात, आपल्या कचेरीसमोर त्यांना गोळ्या घातल्या होत्या. त्या वर्षीचा सोहळा आपल्या शेजारी, कोलंबोत झाला. दुसरा, महिला पत्रकारांच्या आंतरराष्ट्रीय प्रतिष्ठानचा धैर्य पुरस्कार. त्याच वर्षी तो इराकमध्ये ओलीस ठेवल्या गेलेल्या अमेरिकी पत्रकार जिल कॅरल आणि चीनमध्ये तुरुंगवास भोगलेल्या गाओ यू यांनाही मिळाला होता.

मग टीव्ही का सोडला?

२००९ च्या सुरुवातीला, चालू कार्यक्रमातच त्यांनी निरोप घेतला. प्रेक्षकांना धक्का बसला. पार्श्वभूमी अशी : जाजा २००५ मध्ये सुटून आले आणि पक्ष पुन्हा उभा राहिला, तेव्हा ‘वाहिनी आमची’ म्हणून पक्षाने दावा लावला, वाहिनीचे प्रमुख पिएर दाहेर म्हणत होते की ती त्यांची. २००७ पासून प्रकरण कोर्टात. पक्षाची ओढ आणि पगार देणारी वाहिनी एकमेकांसमोर उभी राहिल्यावर तिथे शिद्याक यांच्यासारख्या व्यक्तीची काय गत होणार, ते सांगायला नको.

पुढे त्यांनी स्वतःच्या नावाचं प्रतिष्ठान काढलं. पत्रकारांना प्रशिक्षण देणं आणि बेरूतमध्ये ‘आघाडीवरच्या स्त्रिया’ या विषयावर परिषदा भरवणं ही त्याची मुख्य कामं.

निवडणूक न जिंकता मंत्री कशा झाल्या?

आपल्याकडे मंत्र्याला सहा महिन्यांत कुठल्यातरी सभागृहाचं सदस्य व्हावंच लागतं. लेबनॉनमध्ये ती अट नाही. तिथे मंत्रिपदं आधी पंथांत वाटली जातात, मग पंथातल्या पक्षांत, आणि पक्ष आपल्या वाट्याच्या खुर्चीवर हवं ते नाव देतो.

मे २०१८ मध्ये निवडणूक झाली. त्यानंतर ही वाटावाटी जवळजवळ नऊ महिने चालली. अखेर ३१ जानेवारी २०१९ ला रफीक हरीरींचे पुत्र साद हरीरी यांचं तीस जणांचं मंत्रिमंडळ बनलं. लेबनीज फोर्सेसच्या वाट्याला चार जागा आल्या आणि त्यातली एक पक्षाने शिद्याक यांना दिली. खातं : प्रशासकीय विकास.

त्या मंत्रिमंडळात चार स्त्रिया होत्या, आणि लेबनॉनच्या मानाने हा विक्रमच. राया अल-हसन यांच्याकडे गृहखातं आलं. अरब देशात गृहमंत्रिपद बाईकडे जाण्याची ही पहिलीच वेळ होती.

हे प्रशासकीय विकास खातं करतं काय?

कागदावर : सरकारी कामकाज संगणकावर आणणं, नोकरशाहीत सुधारणा, भ्रष्टाचारविरोधी धोरण. प्रत्यक्षात हे छोटं, बरंचसं परदेशी मदतीवर चालणारं खातं. गंमत म्हणजे युरोपीय संघाच्या पैशातून उभारलेले घनकचरा प्रकल्पही याच्याच गळ्यात. २०१५ मध्ये बेरूतच्या रस्त्यांवर कचऱ्याचे डोंगर साठून लोक आंदोलनाला उतरले होते; त्या देशात ही जबाबदारी कुणालाही हेवा वाटावा अशी नव्हती.

आणि राजीनामा?

१७ ऑक्टोबर २०१९ ला सरकारने व्हॉट्सअ‍ॅप कॉलवर महिन्याला सहा डॉलरपर्यंत कर लावायचं ठरवलं. त्याच रात्री लोक रस्त्यावर आले. कर मागे घेतला तरी घरी जाईनात, कारण रोष त्या कराचा नव्हताच. वीज नाही, डॉलर मिळत नाही, आणि तीस वर्षं तीच तोंडं. ‘कुल्लुन यानी कुल्लुन’ ही घोषणा गाजली : सगळे म्हणजे सगळे. यात शिद्याक यांचा पक्षही आला, हे त्यांना आवडलं नसेल. १९ ऑक्टोबरला जाजांनी आपल्या चारही मंत्र्यांचे राजीनामे जाहीर केले. २९ तारखेला हरीरींनीही पद सोडलं.

हिशेब केला तर शिद्याक यांच्या मंत्रिपदाला पुरते नऊ महिनेही मिळाले नाहीत. मंत्रिमंडळ बनायला लागले, जवळपास तेवढेच.

मंत्री म्हणून त्यांनी काय साधलं?

फार नाही. संगणकीकरण आणि भ्रष्टाचारविरोधी धोरणाची कागदपत्रं पुढे सरकली, पण ती राबवायला ना पैसा होता ना वेळ. त्यांच्या चाहत्यांना हे उत्तर रुचणार नाही. पण मुलाखतकार म्हणून त्यांचं काम एवढं मोठं आहे की मंत्रिपदाची झालर लावून ते वाढवायची गरज नाही.

लेबनॉनमध्ये बायका राजकारणात सहज येतात का? टीव्हीवर तर त्याच दिसतात.

टीव्हीवर दिसतात म्हणूनच फसगत होते. मतदानाचा हक्क १९५२ मध्ये आला, तोही आधी शिकलेल्या बायकांपुरता. पहिली स्त्री खासदार मिर्ना बुस्तानी, १९६३ मध्ये, आणि ती कशी? वडील एमिल बुस्तानी विमान अपघातात गेले, त्यांच्या जागेवर. त्यानंतर कितीतरी जणी याच वाटेने आल्या. राष्ट्राध्यक्ष रने मुअव्वद यांची हत्या झाली, मग पत्नी नायला मुअव्वद. नियोजित राष्ट्राध्यक्ष बशीर जमायेल मारले गेले, पुढे पत्नी सोलांज. जिब्रान तुएनी गेले, २००९ मध्ये मुलगी नायला तुएनी. ‘आमच्या बायका संसदेत काळे कपडे घालून येतात’ असं तिथे कडवटपणे म्हणतात, ते यावरून. पहिल्या दोन स्त्री मंत्री तर २००४ मध्ये झाल्या. २०१८ च्या संसदेत १२८ पैकी स्त्रिया सहा.

शिद्याक या ओळीत बसत नाहीत. त्यांच्यामागे मेलेला नवरा किंवा बाप नव्हता. जे गेलं ते त्यांचं स्वतःचं.

पत्रकारितेतून राजकारणात गेलेल्या अरब स्त्रिया आणखी कोण?

लेबनॉनमध्येच पावला याकूबियान. फ्यूचर टीव्हीच्या मुलाखतकार. नोव्हेंबर २०१७ मध्ये साद हरीरींनी रियाधमधून अचानक राजीनामा जाहीर केला आणि जगभर ‘त्यांना डांबून ठेवलंय का’ अशी कुजबुज सुरू झाली, तेव्हा तिथे जाऊन त्यांची थेट मुलाखत घेणाऱ्या त्याच. २०१८ मध्ये प्रस्थापित पक्षांविरुद्ध लढून खासदार झाल्या, बंदरातल्या स्फोटानंतर राजीनामा दिला, २०२२ मध्ये पुन्हा निवडून आल्या. मूळ आर्मेनियन, त्यामुळे ‘अरब’चा वाद इथेही आहेच.

जॉर्डनमध्ये तूजान अल-फैसल. स्त्रियांच्या प्रश्नांवर टीव्ही कार्यक्रम करत. १९८९ च्या निवडणुकीत उभ्या राहिल्या तर त्यांच्यावर धर्मत्यागाचा खटला भरला गेला. त्या १९९३ मध्ये निवडून आल्याच, देशातल्या पहिल्या स्त्री खासदार म्हणून. २००२ मध्ये तुरुंगातही गेल्या. त्यांच्यावर स्वतंत्र पान व्हायला हवं.

शिद्याक यांच्यावरचा हल्ला कुणी केला? कुणाला शिक्षा झाली?

कुणालाही नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने डिसेंबर २००५ मध्ये हरीरी हत्येच्या तपास आयोगाला या हल्ल्यांच्या चौकशीतही लेबनॉनला तांत्रिक मदत करायला सांगितलं. नंतर हेगजवळ लेबनॉनसाठी विशेष न्यायाधिकरण उभं राहिलं. मुख्य खटला हरीरी हत्येचा. पण १ ऑक्टोबर २००४ ते १२ डिसेंबर २००५ या काळातले इतर हल्ले त्याच्याशी जोडलेले निघाले तर तेही चालवायची मुभा होती. शिद्याक यांच्यावरच्या हल्ल्याची तारीख या मुदतीत बसते. तरी न्यायाधिकरणाने जोडून घेतले ते तीनच : खासदार मरवान हमादे, जॉर्ज हावी आणि इलियास मुर्र यांच्यावरचे. शिद्याक, कसीर, तुएनी ही तिन्ही पत्रकारांची नावं बाहेर राहिली.

ऑगस्ट २०२० मध्ये हरीरी प्रकरणात हिजबुल्लाशी संबंधित सलीम अय्याश दोषी ठरला, तो हजर नसताना. मार्च २०२२ मध्ये अपिलात आणखी दोघं दोषी ठरले. जोडून घेतलेल्या तीन हल्ल्यांचा खटला जून २०२१ मध्ये सुरू व्हायचा होता, तो पैसे संपले म्हणून रद्द झाला. २०२३ च्या अखेरीला न्यायाधिकरणाने कामकाज गुंडाळलं.